उर्मिला शिगवणच्या अंगात काय येतं

उर्मिला शिगवणच्या अंगात काही येत नाही. माइकसमोर उभं राहून, भरल्या हॉलमध्ये, सासूच्या देखत हे एक वाक्य बोलायचं, असं तिने त्या रविवारी ठरवलं होतं. शाल, नारळ, फोटो, सगळं होऊ द्यायचं, मग एवढंच बोलायचं आणि खाली बसायचं. किती साधी गोष्ट. पण आपल्याकडे साध्या गोष्टीला जितके आडवे येतात, तितके अवघड गोष्टीला येत नाहीत.

प्रसंग तिच्याच पुस्तकाच्या प्रकाशनाचा होता. 'मिठाखालचं राज्य' या मालिकेचा नववा आणि शेवटचा भाग. भाईंदरच्या मिठागरांखाली एक राज्य आहे, तिथे खारराणी नावाची महादुष्ट बाई राज्य करते, वरच्या जगातल्या मुलांचे आवाज चोरून मिठात मुरवून ठेवते, आणि मैनी नावाची एक भांडकुदळ पोरगी ते सोडवायला खाली उतरते, अशी ती गोष्ट. पोरांनी ती डोक्यावर घेतली. हिंदीत गेली, गुजरातीत गेली, इंग्रजीत गेली. मीरा रोडच्या भाजी मार्केटात उर्मिला पिशवी घेऊन उभी असली की एखादं कार्टं लांबूनच खारराणीसारखं गुरकावायचं आणि आईच्या मागे लपायचं. ते तिला फार आवडायचं. पोरांबद्दल तिची कधीच तक्रार नव्हती. तक्रार होती मोठ्यांबद्दल, आणि ती आजची नव्हती.

सगळं बिघडलं ते तिच्या लिहिण्याच्या पद्धतीमुळे. उर्मिला बसून लिहीत नाही. कोण कसं बोलेल ते आधी स्वतः बोलून बघते. येरझाऱ्या घालते, हातवारे करते, एकच वाक्य दहा तऱ्हांनी म्हणते, आणि ते तोंडात बसलं की मगच कागदावर उतरवते. पात्रागणिक आवाज वेगळा. खारराणीचा तर पोटातून काढावा लागतो, घोगरा, खर्जातला, आणि तिची बोली म्हणजे उर्मिलाच्या माहेरच्या, लांज्याकडच्या म्हाताऱ्यांची. लग्न होऊन ती मीरा रोडला आली तेव्हा घर वन रूम किचन आणि भिंती पापडासारख्या. दुपारी नवरा दशरथ कुरियरच्या ऑफिसात, सासू आनंदीबाई झोपलेल्या, ट्यूशनची पोरं यायला अवकाश. तेवढ्या वेळात ती स्वयंपाकघराचं दार लोटून खारराणी व्हायची.

शेजारच्या सुलूकाकींनी एके दुपारी भिंतीला कान लावला. आतून जाडाभरडा आवाज येत होता, की मलाच विसरलात, आता एकेकाला कोरडं करून सोडते. दुसरी कुणी असती तर तिला वाटलं असतं की टीव्ही लागलाय, नाहीतर नवराबायकोचं जुंपलंय. सुलूकाकी संगमेश्वरच्या. त्यांना तसलं काही वाटलं नाही. त्यांनी आनंदीबाईंना उठवलं, दोघींनी दार ढकललं, तर आत उर्मिला केस सोडून, डोळे वटारून, लाटणं उगारून उभी. केस न्हायल्यामुळे सोडले होते आणि लाटणं म्हणजे राणीची तलवार होती. पण ते ऐकून घेतो कोण. आनंदीबाईंनी जागच्या जागी पदर पसरला. गावची देवी नवलाई सुनेच्या अंगात आली होती.

उर्मिलाने आधी हसून सांगितलं, मग चिडून सांगितलं, मग रडून सांगितलं. लिहिलेली पानं सासूपुढे टाकली. आनंदीबाईंनी पानांना हळदकुंकू वाहिलं. त्या वर्षी गणपतीत गावी गेल्यावर त्यांनी गुरवाला सांगून देवीला कौल लावला. सुनेत तूच असशील तर उजवा दे, नसशील तर डावा. देवीच्या अंगावर चिकटवलेली उजवीकडची कळी खाली पडली. झालं. जिथे खुद्द देवी हो म्हणाली, तिथे सुनेच्या नाहीला कोण विचारतो?

मग मंगळवारी-शुक्रवारी बायका यायला लागल्या. पोरीचं लग्न कधी जमेल, ह्यांची दारू सुटेल का, बिल्डर रूमचा ताबा कधी देईल. उर्मिला पात्राला आवाज शोधत असायची आणि दाराबाहेर नारळ ठेवल्याचा आवाज यायचा. तिने दोनदा नारळ जिन्यावरून खाली भिरकावले, तर देवीचा कोप झाला म्हणून गर्दी आणखी वाढली. रागावली तर देवी, गप्प बसली तर देवी प्रसन्न. धरलं तर चावतंय आणि सोडलं तर पळतंय, अशी गत.

शेवटी तिने जवळच हाटकेशला एका गाळ्याच्या वरचा पोटमाळा भाड्याने घेतला. खाली स्प्रिंगा बनवायचं काम चालायचं. मशीनचा दणदणाट असा, की वरती माणूस ओरडून मेला तरी खाली कळू नये. तिला तेच हवं होतं. वर तापलेला पत्रा, खाली मशीन, मध्ये ती. तिथे तिने पुढची सगळी वर्षं काढली. पहिला भाग प्रकाशकांनी परत पाठवला, तो तिथेच पुन्हा लिहिला, पुन्हा परत आला, पुन्हा लिहिला. तिसऱ्या भागात खारराणी मरणाच्या दारात मैनीला शाप देते. तो शाप मिळेपर्यंत अख्खा उन्हाळा गेला आणि घसा असा बसला की ट्यूशनच्या पोरांना ती फळ्यावर लिहून शिकवायची. देवीचा घसा बसतो का, असं तिला कुणाला तरी विचारायचं होतं. विचारायला कुणी नव्हतं.

दशरथ माणूस वाईट नव्हता. आईचं वय झालंय, कशाला दुखवायचं, एवढं एकच वाक्य त्याला येत होतं आणि ते तो वर्षानुवर्षं वापरत होता.

मग यश आलं. मोठा पुरस्कार मिळाला, उर्मिला तो घ्यायला दिल्लीला गेली, आणि ती तिकडे असताना चॅनलवाले इकडे घरी आले. आनंदीबाईंनी नवं लुगडं नेसून मुलाखत दिली. "ती कुठं लिवते?" त्या कॅमेऱ्यात बघून म्हणाल्या. "नवलाई लिवून घेते. हिचा निस्ता हात."

ते वाक्य मोबाइलमोबाइलवर फिरलं. उर्मिला दिल्लीहून पुरस्काराची ढाल घेऊन आली तर स्टेशनबाहेर एक बाई तिच्या पाया पडली. शाळांतून बोलावणी यायची, आणि हेडमास्तरीण बाई मुलांना सांगायच्या की ताईंवर देवीची कृपा आहे. एकदा एका मुलाने विचारलं की मग परीक्षेत देवी उत्तरं लिहील का. सगळे हसले. उर्मिलाला त्या हेडमास्तरीण बाईंच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या. प्रकाशकाला फोन केला तर तो म्हणाला, मॅडम, राहू दे ना, लोकांना आवडतंय. कष्ट हिचे, घसा हिचा, तापलेला पत्रा हिच्या डोक्यावर, आणि आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला देवी. आणि देवी बिचारी काही बोलतही नव्हती, बोलत होती ती माणसं.

त्यात आनंदीबाईंनी अंगारा काढला. उर्मिलाच्या पुस्तकांपुढे त्या रोज उदबत्ती लावायच्या आणि तिची राख पुड्या बांधून वाटायच्या. उर्मिला पुड्या दिसतील तेव्हा बेसिनमध्ये ओतायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुड्या तयार. शेवटी तिने ठरवलं की घरात बोलून उपयोग नाही. चारचौघांत बोलायचं. मालिका संपतेय, प्रकाशनाला सगळे येतील, चॅनलवालेही येतील. ज्या वाटेने खोटं गेलं त्याच वाटेने खरं पाठवू.

हॉल भरला होता. पुढच्या रांगांत पोरं, मांडीवर पुस्तकं. त्यांच्या मागे आईबाप. स्टेजच्या डाव्या अंगाला आनंदीबाईंची खास खुर्ची, त्यांच्या हातात कुंकवाचा करंडा. उर्मिलाने तो करंडा पाहिला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती बोलायला उभी राहिली तेव्हा शांत होती. तिने पोरांना पोटमाळ्याबद्दल सांगितलं, पत्र्याबद्दल सांगितलं, एक वाक्य किती वेळा खोडावं लागतं ते सांगितलं. पोरं ऐकत होती. मग तिने श्वास घेतला आणि म्हणाली की आता एक महत्त्वाची गोष्ट सांगते.

ती गोष्ट तिथेच राहिली. पहिल्या रांगेतली एक मुलगी खुर्चीवरून खाली कोसळली.

अनुष्का तिचं नाव. अकरा-बारा वर्षांची, दोन वेण्या, मांडीवर आधीच्या आठही भागांची चळत घेऊन बसलेली. ती चळत विस्कटून पडली होती आणि पोरगी हातपाय झाडत होती. डोळे वर गेलेले, तोंडाला फेस. कुणी म्हणालं चप्पल हुंगवा, कुणी म्हणालं कांदा आणा. उर्मिला स्टेजवरून उडी मारून खाली आली. चप्पल घेऊन आलेल्या गृहस्थाला तिने ढकललं, पोरीला कुशीवर वळवलं, गळ्याशी आवळलेला फ्रॉक सैल केला, डोक्याखाली आपली नवी कोरी शाल घातली. हे तिला येत होतं, कारण ट्यूशनला येणाऱ्या एका मुलाला असेच झटके यायचे. थोड्या वेळाने पोरगी ढिली पडली आणि घोरल्यासारखा श्वास घ्यायला लागली.

आई शेजारी गुडघ्यावर बसली होती. संचिता नाव, हाटकेशलाच राहायची, मेडिकल दुकानात कामाला होती. म्हणजे गोळ्या म्हणजे काय ते तिला कळत नव्हतं अशातली गोष्ट नाही. उर्मिलाने विचारलं की हिला औषध चालू आहे ना, चुकलं का आज. संचिता म्हणाली की चुकलं नाही, बंद केलं.

"बंद केलं म्हणजे?"

"तुमच्या आईंनी अंगारा दिला ना ताई," संचिता म्हणाली. "तेव्हापासून एकदा पण आली नव्हती फिट. मग मीच गोळ्या बंद केल्या. कशाला लहान पोरीला एवढं औषध? आज गर्दीने झालं असेल."

उर्मिलाला वाटलं, आपण हिला आता इथेच मारू. मग वाटलं, हिला नको, त्या खुर्चीवर करंडा घेऊन बसलेल्या बाईला. मग वाटलं, दशरथला, प्रकाशकाला, कॅमेरावाल्याला, त्या हेडमास्तरीण बाईंना. रागाला इतकी माणसं लागत होती आणि समोर होती ती ही एकच, घाबरलेली, पोरीच्या कपाळावरचे केस मागे सारणारी. उर्मिलाने दात आवळून समजावलं. ती राख आहे, उदबत्तीची राख. गोळ्यांमुळे फिट येत नव्हती, त्या पोटात होत्या तोवर आली नाही. अशा अचानक बंद केल्या तर पोरगी जाईल हातची. माझ्या अंगात काही येत नाही. कधीच आलं नव्हतं.

बोलली एकदाची. ज्या वाक्यासाठी वर्षं घालवली ते माइकशिवाय, जमिनीवर बसून, एका बाईला सांगून झालं. पण संचिताच्या चेहऱ्यावर त्याचा ओरखडाही उठला नाही. उलट ती हसली, लहान मुलाच्या बोलण्यावर मोठी माणसं हसतात तशी.

"ताई, तुम्हाला कसं माहीत असणार? आल्यावर तुम्हाला शुद्ध नसते. आईंनी सांगितलंय ना टीव्हीवर." मग ती हात जोडून म्हणाली, "तुम्ही सांगून नाही होणार. देवी सांगेल ना की चालू कर, तर आत्ता चालू करते. तुमचा हात लागलाय, आता घरीच नेते तिला."

कुणीतरी हॉस्पिटलचं नाव काढलं. संचिता ऐकेना. पोरीला उचलायला लागली. तिच्यासारखीच आणखी दोघीतिघी तिला मदत करायला पुढे झाल्या, आणि त्यांच्या तोंडावर तीच खात्री. उर्मिलाने दशरथकडे पाहिलं. तो चपलांकडे बघत होता.

आता हिला काय सांगावं, कोणत्या शब्दांत सांगावं, याचा विचार उर्मिलाने केला नाही. विचार करायला वेळही नव्हता. तिने अंबाड्याचे आकडे ओढून काढले. केस मोकळे सोडले. उभी राहिली आणि पोटातून, जिथून तो पोटमाळ्यावर काढायची तिथूनच, आवाज काढला.

"ठेव तिला खाली."

संचिताने पोरीला खाली ठेवलं.

"माझ्या लेकराच्या गोळ्या कुणाला इचारून बंद केल्यास? दवा माझीच हाय. डाक्टर माझाच मानूस हाय. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने. तो देल ती गोळी येळच्या येळी दे, तो थांब म्हनंस्तवर दे. राख न्हाय लावायची. राखंचं खूळ म्या नाय काढलं." एवढं बोलून तिने आनंदीबाईंकडे असं पाहिलं की त्यांच्या हातून करंडा निसटला आणि कुंकू फरशीवर सांडलं. तिथेच थांबायला हवं होतं. पण आवाज एकदा लागला की तो आपले शब्द आपणच आणतो. "पानी जातं, मीठ ऱ्हातं," ती म्हणाली. "माझा शबूद मीठ हाय. मोडशील तर तुझी तू."

संचिता पाया पडली. चालू करते, म्हणाली, आई, आत्ता चालू करते, परत नाही चुकणार. कुणीतरी रिक्षा बोलवायला धावलं. चॅनलवाल्याने कॅमेरा खांद्यावर घेतलेला होता आणि त्याच्या तोंडावर आनंद मावत नव्हता.

अनुष्काने डोळे उघडले होते, कधी ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आधी तिला नीट दिसत नसावं. मग ती उर्मिलाकडे बघायला लागली, झोपेतून उठल्यासारखी, कपाळाला आठी घालून.

"हे तिसऱ्या भागातलं आहे," ती म्हणाली. जीभ जड झाली होती तरी शब्द कळत होते. "पाणी जातं, मीठ राहतं. खारराणी मरताना म्हणते ते. ताई, हे तुम्ही लिहिलंय ना?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्याने नाही, प्रकाशकाने नाही, पुरस्कार देणाऱ्यांनी नाही. विचारलं ते जमिनीवर पडलेल्या या पोरीने, आणि तेही उत्तर माहीत असताना. उर्मिलाला खाली बसावंसं वाटलं. पोरीच्या तोंडावरचा फेस पुसावा आणि हो म्हणावं, हो गं बाई, मीच लिहिलं, पत्र्याखाली बसून लिहिलं, हा शाप मिळवायला घसा फोडून घेतला.

पण संचिताचे हात थांबले होते. ती पोरीकडे बघत होती, मग उर्मिलाकडे. तिच्या डोळ्यांत पहिल्यांदाच शंका आली होती. ती शंका हो म्हटलं की पक्की होणार होती, आणि मग रिक्षा हॉस्पिटलच्या दिशेने वळणार नव्हती.

"न्हाय," खारराणीच्या आवाजात उर्मिला म्हणाली. "तिनं न्हाय लिवलं. म्या लिवून घेतलं. तिचा निस्ता हात."

संचिताने सुटकेचा श्वास टाकला आणि पोरीला खांद्यावर घेतलं. पण आईच्या खांद्यावरून अनुष्का दारापर्यंत मागे बघत राहिली. तिला खोटं कळलं होतं. आपल्याशी खोटं बोललेल्या मोठ्या माणसाकडे शहाणं पोर जसं बघतं तशी ती बघत होती. बाहेर रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला. कुणीतरी ड्रायव्हरला हॉस्पिटलचा रस्ता सांगत होतं.

आनंदीबाई फरशीवरचं कुंकू बोटाने टिपून घेऊन आल्या आणि सुनेच्या कपाळाला लावायला त्यांनी हात वर केला. उर्मिलाने तो झटकला नाही. ती नखशिखांत रागाने थरथरत होती. दात वाजत होते, मुठी वळलेल्या होत्या, आणि काही केल्या ते थांबेना. हॉलभर लोक उठून उभे राहिले आणि त्यांनी त्या थरथरण्याला हात जोडले.